वर्षावासाचा चष्मा

२ जुलै, बुधवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. नोकरीत असताना वेळ नव्हता. निवृत्त झाल्यावरही वेळ नाहीच, पण शिस्त आहे.

परवा विहार समितीची बैठक झाली. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तिथून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या घाटनांदूरच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचक मी. बरीच वर्षं मीच. दुसरं नाव निघायचा प्रश्नच नाही. तरी जीवन (समितीचा सचिव, माझाच विद्यार्थी, शुद्धलेखन तेव्हाही कच्चं) मान खाली घालून म्हणाला, सर, तुमाला डोळ्याचा तरास होत आसंल तर यंदा चैतालीनं वाचलं तरी चालंल. चैताली म्हणजे माझी मुलगी. बी.एस्सी. झाली, आता स्पर्धा परीक्षा करते. तिला हे कुणी विचारलं होतं?

मी शांतपणे म्हणालो, त्रास कुणाला आहे? विषय तिथंच संपला. आमच्या विहाराची रीतच आहे. आषाढ पौर्णिमेला ग्रंथ ज्याच्या हाती दिला, त्याच्याकडून तो कुणी काढून घेत नाही. द्यायचा तर त्यानं आपण होऊन द्यायचा. वाचन चालू असताना कुणी टोकतही नाही. शेवटी सगळ्यांनी ‘साधू, साधू, साधू’ म्हणायचं आणि उठायचं.

गेल्या वर्षी मी ग्रंथ नाकाजवळ नेऊन वाचत होतो, हे खरं. पण ते ट्यूबलाइटमुळे. शिवाय हल्ली छपाईच बारीक करतात. पंचशीला म्हणाली, अहो, ग्रंथ तर तोच हाय, मग छपाई बारीक कशी झाली? बायको अंगणवाडीत आहे. छपाईतलं तिला काही कळत नाही.

तरीही नवा चष्मा घ्यायचं ठरवलं. गरज म्हणून नाही. वाचकाकडे लोक बघत असतात.

३ जुलै. संध्याकाळी.
अंबाजोगाईला जाऊन आलो. सोबत पंचशीला. नको म्हटलं होतं.

बद्रीनाथ चष्मेवाल्यानं डोळे तपासले. लांबचा नंबर वाढलाय, जवळचा तर बराच. प्रोग्रेसिव्ह काच घ्या म्हणाला. एकाच काचेत वर लांबचं, मधे मधलं, खाली जवळचं. मला हे आधीच माहीत होतं, तरी त्याला बोलू दिलं.

मग फ्रेम. त्यानं एक काळी, मोठ्या काचेची, जाड काडीची फ्रेम काढली. ही घातली की तालुक्याच्या कचेरीतला माणूस दिसतो. कुलूप लावलेल्या कपाटात मात्र मला हवी ती दिसली. अरुंद, तपकिरी-सोनेरी, काडी अगदी बारीक, बाजूला एक छोटी तिरकी रेघ. इटालियन डिझाईन. घातली आणि आरशात एक वेगळाच माणूस होता. विचारवंत म्हणावा असा.

बद्रीनाथ म्हणाला, सर, ह्या काचंला उंचीच न्हाई. जवळचा नंबर खाली बसतो, तितं जागाच उरत न्हाई. आन नाकावर पॅडबी न्हाईत, घसरंल. मी त्याला ओळखून आहे. ती काळी फ्रेम बऱ्याच दिवसांची पडून असणार, ती माझ्या गळ्यात मारायची. पंचशीला म्हणाली, तुमी बसून वाचताव, खाली बघून, ते तरी त्यांना सांगा. मी म्हणालो, डिझाईन करणाऱ्यानं या सगळ्याचा विचार केलेला असतो.

वाचायला कार्ड दिलं. वरच्या ओळी स्पष्ट. खालच्या तशाच असणार. बद्रीनाथनं खांदे उडवले आणि मापं घेतली. किंमत पंचशीलाला बाहेर पाठवून विचारली, इथंही लिहीत नाही. रोजनिशी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

८ जुलै.
चष्मा आला. उत्तम.

ओट्याची पायरी एक कमी झाल्यासारखी वाटली. गुडघ्याला खरचटलं. गवंड्यानं पायऱ्या मुळातच वेड्यावाकड्या बांधल्यात, आजवर लक्षात आलं नव्हतं. म्हणजे नजर सुधारली.

चैताली म्हणाली, पप्पा, तुम्ही मान वर करून का बोलताय? मी म्हणालो, याला व्यक्तिमत्त्व म्हणतात.

१० जुलै. आषाढ पौर्णिमा.
पांढरा सदरा, नवा चष्मा. विहार भरलेला. समोर सिंधुमावशी. या आमच्या वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. मला मास्तर म्हणतात आणि पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसतात. वंदना झाली, जीवननं ग्रंथ माझ्या हाती दिला. मी मांडी घातली, चौरंगावर ग्रंथ उघडला, खाली बघितलं.

पानावर मुंग्या चालत होत्या.

मान खाली घातली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो. मान वर केली की काचेच्या अगदी खालच्या कडेला दोन-तीन शब्द दिसतात, पण ते पानावरचे नसून पलीकडच्या सतरंजीवर छापलेल्या नावाचे. आणखी वर केली की पंखा.

प्रसंगावधान हा माझा स्वभाव आहे. म्हणालो, पहिल्या दिवशी वाचन नको, प्रास्ताविक करतो. वर्षावास म्हणजे काय, पावसाळ्यात भिक्खू एका ठिकाणी का राहत, तिथून मनाची स्थिरता, तिथून माझ्या नोकरीतले काही अनुभव. मी मध्ये श्वास घेतला तेव्हा सगळे एका सुरात ‘साधू, साधू, साधू’ म्हणाले. एवढा प्रतिसाद पूर्वी कधी नव्हता. त्या भरात आणखी थोडं बोललो.

निघताना सिंधुमावशी म्हणाल्या, मास्तर, आज लई बोल्लाव. वाचलं कावून न्हाई? मी म्हणालो, उद्यापासून.

१२ जुलै.
चौरंगाखाली विटा ठेवल्या. ग्रंथ वर आला, पण श्रोत्यांना माझे फक्त केस दिसतात, अशी तक्रार. मग चष्मा घेऊन उपयोग काय? विटा काढल्या.

जीवनला ट्यूब बदलायला सांगितली. बदलली. नव्या ट्यूबचा उजेड जास्तच आहे. कागद चमकतो.

१३ जुलै.
पाऊस. पत्र्यावर एवढा आवाज की वाचून उपयोग नव्हता. थोडं चिंतन सांगितलं. पाऊस थांबला तरी चिंतन चालू ठेवलं, कारण विषय मध्येच सोडणं बरोबर नाही.

१९ जुलै. दुपारी.
पद्धत सापडली. सकाळी मोबाईलवर त्या दिवसाच्या पानांचे फोटो काढायचे, बोटांनी मोठे करायचे आणि पाठ करायचे. संध्याकाळी ग्रंथ समोर ठेवून म्हणायचे. पान अधूनमधून उलटायचं. पाठांतर हेच खरं वाचन. पूर्वी भिक्खू तरी काय करत होते?

चष्मा घसरू नये म्हणून पंचशीलानं दोरी सुचवली. मानेमागून काळी दोरी, शिंपी लावतात तशी. मी स्पष्ट नकार दिला. इटालियन फ्रेमला दोरी. त्याऐवजी नाकाला जखमेवर लावायची पट्टी लावली. एका बाईनं विचारलं, सर, पडलाव काय? मी म्हणालो, नाही.

२७ जुलै, रविवार.
आज किसागोतमीची गोष्ट सांगायची होती. मेलेलं लेकरू घेऊन दारोदार मोहरी मागते ती. सुरुवात उत्तम झाली. पण परवाच्या गोष्टीतली, सुजातानं तथागतांना दिलेली खीर मध्ये कशी आली, कळलं नाही. किसागोतमीनं मोहरी मागितली आणि खीर घेऊन परत आली. माझ्याच लक्षात आलं, पण वाक्य सुरू झालेलं होतं. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. श्रोत्यांनीही दिलं नाही. बहुधा कुणाच्या ध्यानात आलं नसावं. अडाणी माणसं आहेत, भाव बघतात.

‘साधू, साधू, साधू’ आज दोनदा झालं.

१ ऑगस्ट. सकाळी.
एक निरीक्षण. हल्ली सकाळी सकाळी बायका चटया काखेत मारून सिंधुमावशींच्या अंगणात जातात. पंचशीलाही जाते. कुठं चाललीस विचारलं, तर म्हणाली, पापड लाटायला.

पावसाळ्यात पापड? वाळवणार कुठं? पण मावशींचं वय झालंय, त्यांच्या मनाला येतं ते करतात, बायका मन राखतात. आमच्या वस्तीत माणुसकी आहे.

४ ऑगस्ट.
जीवनही पापड लाटायला जातो. मी स्वतः बघितलं. नव्या पिढीत पुरुष घरकामात उतरतायत, याचं मी स्वागतच करतो. यावर एकदा संध्याकाळी बोललं पाहिजे.

५ ऑगस्ट.
अंबाजोगाईला. बद्रीनाथला बजावलं की काच चुकीची बसवली आहे. त्यानं काड्या गरम करून वाकवल्या, कानामागं घट्ट केल्या. म्हणाला, सर, काच बरोबर हाय, घर बारीक हाय. ह्याच्यात खाली बघायला जागाच न्हाई तर मी काय करू? वाचायला वेगळा चष्मा घ्या, ही काळी फ्रेम हाय बगा अजून. अजून ती काळी फ्रेम! मी म्हणालो, म्हणजे माझ्या डिझायनर चष्म्याचा उपयोग काय? तो म्हणाला, लांबचं बघा ना त्यानं, लई झकास दिसंल.

मी मास्तर. माझं सगळं आयुष्य जवळचं बघण्यात गेलं. पाट्या, वह्या, पेपर. मला लांबचं काय करायचंय?

कानामागं दुखतंय.

१० ऑगस्ट.
काल श्रावण पौर्णिमेच्या कार्यक्रमाचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. मी ग्रंथासमोर, मान मागं, डोळे मिटलेले, तोंड उघडं, नाकावर पट्टी. खाली सव्वीस अंगठे. पंचशीला म्हणाली, झोपल्यासारखे दिसायलाव. मी म्हणालो, ध्यानस्थ.

फ्रेम मात्र फोटोत फार सुरेख आली आहे.

१७ ऑगस्ट.
आज काही लिहायचं नव्हतं.

दुपारी स्टेशनच्या रस्त्यानं येत होतो. चष्मा सदऱ्याच्या खिशात होता, कानाला आराम म्हणून. समोरून एक मुलगी येऊन थांबली. मी बाजूला झालो. म्हणालो, जा बाळ. ती म्हणाली, पप्पा.

चैताली होती.

मला भीती वाटली. लिहून ठेवतो म्हणजे डोक्यातून जाईल. शाळा सुटली तेव्हा सत्काराला शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत दुसरा माणूस मास्तर झाला. आता घाटनांदूरमध्ये लोकांनी माझ्यासमोर बसून माझं ऐकावं अशी एकच जागा उरली आहे. ती चौरंगामागं आहे. तिथून उठलो तर मी बाजारात भाजी घेऊन येणारा एक म्हातारा. एवढंच.

ऊन फार होतं. उन्हात असं होतं.

२२ ऑगस्ट.
चैतालीचा घसा बसलाय. गरम पाणी, हळद चालू आहे. अभ्यास मोठ्यानं करते म्हणे. मला कधी ऐकू आला नाही, पण मी खोलीत पाठांतर करत असतो. तिला सांगितलं, आवाज सांभाळून वापरावा लागतो, पोटातून काढायचा, घशातून नाही. माझ्याकडे बघ. तिनं बघितलं. मग म्हणाली, हो पप्पा.

ग्रंथ घरी पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवतो. आत खुणेला पिंपळाचं पान. ते रोज सकाळी दोन-चार पानं मागं गेलेलं असतं. पंचशीलाला बजावलं, ग्रंथावरची धूळ मी झाडत जाईन.

२९ ऑगस्ट.
एक विचार. वाचनापेक्षा विवेचन महत्त्वाचं. वाचता कुणालाही येतं. आज पूर्ण वेळ विवेचन. बायका जागच्या हलल्या नाहीत. गेल्या वर्षी मध्येच उठून जाणाऱ्यासुद्धा यंदा बसून असतात, आणि चेहऱ्यावर कसली घाई नाही. पोट भरलेल्या माणसासारख्या शांत. हे माझ्या विवेचनाचं यश.

७ सप्टेंबर. भाद्रपद पौर्णिमा.
वंदनेच्या वेळी तिसऱ्यांदा वाकलो आणि चष्मा खाली पडला. उठताना गुडघा त्याच्यावर. एक काडी बाहेर गेली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर काडी स्वतः सरळ केली. आता चष्मा थोडा तिरका बसतो. डावा डोळा लांबचं बघतो, उजवा आणखी लांबचं.

पंचशीला शेजारी येऊन बसली. म्हणाली, अहो, एक डाव दुसरा चष्मा घेऊन बघा की. कोन काय म्हणणाराय? मी म्हणालो, एवढ्या पैशाची फ्रेम आहे ही. ती म्हणाली, मला ठाव हाय केवढ्याची हाय ते. म्हणजे रोजनिशी वाचली काय? पण मी तर किंमत लिहिलेली नाही. बद्रीनाथनं सांगितलं असणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार. वाचन करून आल्यावर.
आज उपाली. ही गोष्ट मला पाठ आहे, फोटो काढायचीही गरज नाही. शाक्य राजपुत्र घर सोडून संघात जायला निघाले, सोबत त्यांचा न्हावी उपाली. त्यांनी अंगावरचे दागिने काढून उपालीला दिले, हे घे आणि परत जा, तुझं भलं होईल. उपालीनं गाठोडं झाडाला टांगलं, म्हणाला, ज्याला लागेल तो घेईल. आणि तोही त्यांच्यामागं गेला.

इथं मी त्यागावर बोललो. रंगत गेलो. पुढं आणखी थोडं आहे, राजपुत्र संघात गेल्यावरचं, पण ते किरकोळ आहे आणि वेळही झाली होती. ‘साधू’ झालं. उठलो. छान झालं आज.

चष्मा विहारातच राहिला, आता लक्षात आलं. सकाळी आणेन.

१९ सप्टेंबर. सकाळी.
विहाराला कुलूप होतं. किल्ली सिंधुमावशींकडे असते. म्हणून त्यांच्या घराकडे गेलो.

अंगणाच्या भिंतीशी पोचलो तर आतून वाचण्याचा आवाज. स्वच्छ, संथ, एकेक शब्द पूर्ण. आधी रेडिओ वाटला. मग कळलं, चैताली. बसलेला घसा, तरी शब्द पोटातून काढत होती.

ती उपाली वाचत होती. कालचा. मी सोडलेला.

राजपुत्र तथागतांना म्हणाले, आम्ही शाक्य, आमच्यात फार अभिमान आहे. हा उपाली आमची सेवा करत आला. आधी याला दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावं लागेल, आणि आमचा अभिमान जाईल. मग आधी उपालीला दीक्षा दिली. त्यानंतर राजपुत्रांना.

चैताली थांबली. कुणी काही विवेचन केलं नाही.

चष्मा नव्हता, त्यामुळे भिंतीच्या फटीतून आत पांढऱ्या साड्यांचे नुसते ठिपके दिसत होते. पण आवाज सगळे ओळखीचे. पंचशीला. जीवन. सगळी वस्तीच. पापड कुठंच नव्हते. कोणीतरी म्हणालं, सरांना एकदा सांगून टाकावं, किती दिवस चोरून करायचं. त्यावर सिंधुमावशी म्हणाल्या, कावून सांगायचं? त्येला संध्याकाळी बोलायला लागतं, आपल्याला सकाळी ऐकायला लागतं. दोनी व्हायलंय की. आन हळू बोला, मास्तर उठला आसंल.

मी तसाच परत आलो. किल्ली मागितली नाही.

थोड्या वेळानं पंचशीला आली. मी विचारलं, पापड कसे झाले? ती हात धूत होती. म्हणाली, जरा ओले ऱ्हायले.

१९ सप्टेंबर. संध्याकाळी.
गेलो. चष्मा चौरंगावर घडी घालून ठेवलेला होता. घातला. सगळे आलेले होते, रोजच्यासारखे, रोजच्या जागी, काही न ऐकलेल्यासारखे. मी बोललो. कशावर ते आठवत नाही. ‘साधू’ म्हणाले तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. दमलेल्या लेकराला झोप आता म्हणतात, तसं म्हणत होते.

२० सप्टेंबर.
वाचन बंद करायचं नाही असं ठरवलं. बंद केलं तर त्यांना कळेल की मला कळलंय. एवढ्या लोकांना लाजवणं बरं नाही. हा निर्णय केवळ त्यांच्यासाठी आहे.

२३ सप्टेंबर.
काही नाही. पाऊस.

२६ सप्टेंबर.
संध्याकाळचं बोलणं आवरतं घेतोय. आज ‘साधू’च्या आधीच थांबलो. सगळे गोंधळले. सिंधुमावशी म्हणाल्या, मास्तर, बरं न्हाई काय? मी म्हणालो, बरं आहे. मला राग यायला हवा होता. दोन महिने हे सगळं माझ्या पाठीमागं चाललं होतं. पण राग कुणाचा धरायचा? सगळी वस्ती रोज दोनदा बसते. एकदा ग्रंथासाठी आणि एकदा माझ्यासाठी. गेल्या वर्षी लोक एकदाच बसत होते, तेही निम्मे.

रडू आलं. चष्म्याच्या आत पाणी गेलं तर काचेला डाग पडतात, म्हणून काढून ठेवला.

३ ऑक्टोबर.
ठरलं. आश्विन पौर्णिमेला शेवटचं प्रकरण. त्या दिवशी मी आपण होऊन ग्रंथ चैतालीच्या हाती देणार. रीतीप्रमाणे. कुणी घेण्याआधी द्यायचा. समारंभपूर्वक. भाषण तयार करतोय. विषय : त्याग, परंपरा, नवी पिढी. उपालीचा दाखला आहे, पण शेवट मी माझ्या पद्धतीनं जोडलाय. लोकांना गहिवरून येईल. अर्धा तास पुरेल.

भाषण पाठ करतोय. कागद दिसत नाही.

६ ऑक्टोबर. आश्विन पौर्णिमा.
वंदना झाली. मी मांडी घातली नाही, उभाच राहिलो. म्हणालो, आज एक महत्त्वाचा निर्णय जाहीर करायचाय. पुढं म्हणालो, परंपरा म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात.

एवढंच म्हणालो आणि सगळे एकदम म्हणाले, साधू, साधू, साधू.

जीवननं चौरंग पुढं ओढला. चैताली उठून आलीही होती. ग्रंथ मी द्यायच्या आधी तिनं हात पुढं केले नाहीत, एवढी रीत तिनं पाळली. दिला. ती बसली आणि पिंपळाचं पान न शोधता बरोबर पान उघडलं. मी कुठं बसावं कळेना. सिंधुमावशींनी भिंतीपासून सरकून जागा केली. मी म्हणालो, नको, मागं बसतो. भाषणाची सत्तावीस मिनिटं तरी शिल्लक होती.

अगदी मागच्या रांगेत बसलो. आणि सगळं दिसलं. चैतालीच्या पापण्या दिसल्या. तिच्या हाताखालचं पान दिसत नव्हतं, पण तिनं ओळीवर ठेवलेलं बोट दिसत होतं. पंचशीला पुढच्या रांगेतून वळून माझ्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही दिसलं. बद्रीनाथ म्हणाला होता ते खरं होतं. ऐकायला या चष्म्यासारखा चष्मा नाही.

वाचन संपल्यावर ग्रंथाला वंदन करायला रांग लागते. इतकी वर्षं मी ग्रंथाच्या त्या बाजूला असायचो. आज रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला, वाकलो. समोर चैताली होती. चष्मा घसरला. तिनं बोटानं तो माझ्या नाकावर वर सरकवला आणि हळूच म्हणाली, पप्पा, उद्या अंबाजोगाईला जाऊ.

घरी आल्यावर मी दोघींना स्पष्ट सांगितलं. जवळचा चष्मा घेईन. जबरदस्ती म्हणून नाही, माझ्या इच्छेनं. पण ती काळी फ्रेम चालणार नाही. फ्रेम मीच निवडणार. डिझाईन, रंग, काडीची जाडी, सगळ्याचा मी आता अभ्यास केलेला आहे, आणि या विषयात घाटनांदूरमध्ये माझ्याइतका अनुभव…

पंचशीला म्हणाली, साधू, साधू, साधू.